चुन्याची रेघ, नांगराची रेघ

राजूर म्हटलं की वणीकडच्या माणसाला दोन रंग आठवतात. काळा आणि पांढरा. काळा कोळशाचा, पांढरा चुन्याचा. यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी तालुक्यातलं हे गाव कोळशाच्या खाणीसाठी आणि चुन्याच्या भट्ट्यांसाठी ओळखलं जातं. काळ्या-पांढऱ्याची आणखी एक जोडी आपल्याला पुढे भेटणार आहे, म्हणून हे दोन रंग खिशात ठेवून द्या. आधी चुन्याकडे वळू.

चुन्याची फक्की मारलेली रेघ तुम्ही कुठे पाहिली आहे? कबड्डीच्या मैदानावर. खो-खोच्या मैदानावर. बरोबर! पण अलीकडे ही रेघ आणखी एका कामाला लागली. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारनं 'स्वामित्व' नावाची योजना सुरू केली. गावठाणात कुणाचं घर कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं, याचे नकाशे ड्रोननं फोटो काढून बनवायचे, अशी ही योजना. पण गोठा तुमचा की शेजारच्या काकांचा, हे त्या ड्रोनला कसं कळणार? म्हणून ड्रोन उडायच्या आधी लोक आपापल्या हद्दीवर चुना टाकतात. जमिनीवर उभं राहून पाहिलं तर ती रेघ म्हणजे नुसता गोंधळ. इकडे वळली, तिकडे तुटली, मधेच कोंबडी तुडवून गेली. वरून मात्र अख्ख्या गावाचं चित्र तयार!

आणि मग पाऊस येतो. दोन सरी पडल्या की चुना वाहून जातो, रेघ संपते.

आता मला सांगा, चुना नाही, रंग नाही, नुसती मातीत ओढलेली रेघ किती दिवस टिकेल? आठ दिवस? एक पावसाळा? फार तर दोन?

मातीतल्या काही रेघा सात-आठशे वर्षं टिकल्या आहेत. त्या ओढल्या बैलांनी. आणि त्यांतल्या दोन रेघा तुमच्या घरापर्यंत येऊन पोचल्या आहेत. कशा, ते थोड्या वेळानं सांगते.

रांगोळीवरची मुंगी

दिवाळीत अंगणात मोठा मोर काढला आहे असं समजा. एक मुंगी त्या रांगोळीवरून निघाली. तिला आधी एक निळी टेकडी लागते. मग थोडी सपाटी. मग हिरवी टेकडी. मग पांढरी. मुंगी घरी जाऊन काय सांगेल? "आज फार चढउतार होते बाई!" आपण मोराच्या पिसाऱ्यावरून चालत आलो, हे तिच्या गावीही नसेल. तुम्ही उभे राहून पाहता, म्हणून तुम्हाला मोर दिसतो.

शेतातून चालताना आपण सगळे मुंग्या असतो. पायाखाली जरा उंच लागलं, जरा खोल लागलं, एवढंच कळतं.

ही गोष्ट ज्यांनी जगाला पटवली, त्या माणसाचा जन्म आपल्या मुंबईतला. ओ. जी. एस. क्रॉफर्ड त्यांचं नाव. १८८६ मध्ये ब्रीच कँडीला ते जन्मले आणि तान्हे असतानाच त्यांना इंग्लंडला पाठवलं गेलं. पहिल्या महायुद्धात ते विमानात निरीक्षक होते. खाली पाहायचं आणि फोटो घ्यायचे. युद्ध संपल्यावर ते पुरातत्त्वाच्या कामाला लागले. १९२२ च्या सुमाराला हवाई दलानं काढलेले काही फोटो त्यांच्या हाती आले. त्यात इंग्लंडच्या माळरानावर चौकटीच चौकटी दिसत होत्या. पाटीवर आखल्यासारख्या. जमिनीवरून त्या माळावर कित्येक लोक रोज येत-जात होते, पण चौकटी कुणाला दिसल्या नव्हत्या. क्रॉफर्ड यांनी ओळखलं, की ही शेतं आहेत. दोन हजार वर्षांहून जुनी! बांध झिजून झिजून इतके बुटके झाले होते, की पायाला कळत नव्हते. १९२८ मध्ये त्यांनी आणि अलेक्झांडर कायलर यांनी विमानातून काढलेल्या अशा फोटोंचं पुस्तकच छापलं.

आपली मुंगी आहे ना, तशी क्रॉफर्ड यांची एक मांजर होती. म्हणजे उदाहरणातली. गालिच्यावर बसलेल्या मांजरीला गालिच्याची नक्षी दिसत नाही, माणसाला दिसते, असं ते समजावून सांगत.

आठ बैलांचा नांगर

आता त्या आठशे वर्षांच्या रेघांकडे येऊ.

इंग्लंडच्या मधल्या भागात चिकण मातीची जमीन आहे. पाऊस भरपूर, माती जड, पाणी लवकर मुरत नाही. मध्ययुगात तिथले शेतकरी एक भलामोठा नांगर वापरत. तो ओढायला बहुधा आठ बैल लागत. तुमच्याकडे पोळ्याला एकामागे एक चार बैलजोड्या उभ्या राहतात ना, तेवढे सगळे एका नांगराला! या नांगराला बाजूला एक फळी होती. ती माती उचलायची आणि उजव्या अंगाला उलथी टाकायची. नेहमी उजव्याच.

आता बोटानं टेबलावर करून पाहा. शेताचा एक लांब पट्टा आहे. मधोमध सुरुवात करा. मधल्या रेघेच्या डाव्या बाजूनं वर जा, टोकाला उजवीकडे वळा आणि उजव्या बाजूनं खाली या. जाताना तुमचा उजवा हात कुठल्या बाजूला होता? मधल्या रेघेकडे. येताना? परत मधल्या रेघेकडेच! म्हणजे जातानाही माती मध्ये पडली आणि येतानाही मध्येच. दरवर्षी असंच केलं, की पट्ट्याचा मधला भाग वर येतो आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये खोलगट चर तयार होतो. वरंबा आणि सरी. पावसाचं पाणी सरीतून निघून जातं, वरंब्यावरचं पीक कुजत नाही.

पण हा वरंबा आपल्या उसाच्या किंवा भाजीच्या वरंब्यासारखा वीतभर नव्हे हं. पाच ते दहा मीटर रुंद, कधी त्याहूनही जास्त. तुमचा अख्खा वर्ग एका वरंब्यावर बसेल.

आणखी एक गंमत. हे वरंबे सरळ नाहीत. दोन्ही टोकांना ते हलकेच वळतात, साप सुस्त पडावा तसे. का? आठ बैलांची लांबलचक रांग एकदम वळेल का? धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधाशी, पोचल्यावर वळवायला गेलात, तर पुढचे बैल शेजारच्या शेतात आणि नांगर अजून आपल्याच शेतात! म्हणून नांगऱ्या टोक यायच्या आधीपासूनच बैलांना थोडं थोडं वळवायला लागायचा. ते वळण वर्षानुवर्षं मातीत उमटत गेलं. आज विमानातून फोटो काढला, तर सातशे वर्षांपूर्वी बैल कुठे वळू लागले ते दिसतं. बैल गेले, नांगर गेला, नांगऱ्याही गेला, आणि वळण तेवढं राहिलं.

आजोबांचा फर्लांग

तुमच्या घरापर्यंत आलेल्या दोन रेघा सांगते म्हटलं होतं.

गावाकडे आजोबांना विचारा, "आपलं शेत किती लांब?" ते म्हणतील, "लांब कुठचं? फर्लांगभर तं आहे!" आणि आपण अर्धा तास चालत राहतो. तर फर्लांग म्हणजे काय? हा शब्द इंग्रजीतून आला आणि त्याचा मूळ अर्थ आहे नांगराच्या एका तासाची, म्हणजे त्यानं ओढलेल्या रेघेची, लांबी. बैलांनी एका दमात ओढायचं तेवढं एक तास. ते २२० यार्डांचं धरलं गेलं, म्हणजे साधारण २०० मीटर. आठ फर्लांगांचा एक मैल.

आणि दुसरी रेघ? ती आहे 'एकर'. फर्लांगभर लांब आणि २२ यार्ड रुंद, एवढा पट्टा म्हणजे एक एकर. बैलांच्या एका औताचं साधारण एका दिवसाचं काम. आपण त्याचे चाळीस गुंठे करतो आणि "आमची चार एकर पऱ्हाटी आहे" असं सांगतो. सांगताना आपल्याला कुठे ठाऊक असतं, की हे माप परदेशातल्या कुठल्यातरी थकलेल्या बैलांनी ठरवलं आहे!

मग हे वरंबे टिकले कसे?

सोपी गोष्ट आहे. पुढच्या वर्षी परत नांगरलं, त्याच्या पुढच्या वर्षी आडवं नांगरलं, की जुनी रेघ गेली. मग इंग्लंडमधल्या रेघा कुणी वाचवल्या?

मेंढ्यांनी!

१३४८-४९ मध्ये तिकडे प्लेगची भयंकर साथ आली. असंख्य माणसं दगावली, शेतात राबायला हात उरले नाहीत. पुढच्या काळात लोकरीला भाव मिळू लागला. जमीनमालकांनी पेरणी सोडली आणि शेतात गवत वाढवून मेंढ्या सोडल्या. कुठे कुठे तर गावंच्या गावं उठली. मेंढ्या चरतात, बसतात, ओरडतात, पण नांगरत नाहीत. गवताची गोधडी वरंब्यांवर पसरली आणि खाली ते जसेच्या तसे राहिले. जिथे नंतर पुन्हा ट्रॅक्टर फिरला, तिथून ते नाहीसे झाले.

म्हणजे पाहा, नांगरानं काढलेली रेघ नांगरच पुसतो. ती उरते तिथेच, जिथे नांगर थांबला. हे वाक्य लक्षात ठेवा, राजूरला गेल्यावर लागणार आहे.

वरून पाहायच्या तीन युक्त्या

पण नुसतं वर जाऊन भागत नाही. काय शोधायचं, ते माहीत हवं.

पहिली खूण सावलीची. रात्री एक जुनी गोधडी जमिनीवर अंथरा. डोक्यावरचा दिवा लावून पाहा. गोधडी सपाट दिसेल. आता दिवा घालवा आणि टॉर्च जमिनीला टेकवून गोधडीवर आडवा झोत टाका. टाक्याटाक्याच्या ओळी उठून येतील! प्रत्येक उंचवट्याची एक बाजू उजळते आणि दुसरी काळी होते. सूर्य उगवताना किंवा मावळताना शेताच्या बाबतीत हेच घडतं. भर दुपारी विमानातून काही न दिसणारं माळरान सकाळी सातला रेघांनी भरून जातं.

दुसरी खूण पिकाची. जमिनीखाली जुना बुजलेला चर असेल, तर तिथे माती खोल आणि ओल जास्त. वरचं पीक उंच, हिरवंगार. खाली जुनी दगडी भिंत असेल, तर मुळांना जागा कमी. तिथलं पीक खुरटं आणि पिवळं. पाऊस नीट पडत असतो तेव्हा सगळं शेत सारखंच हिरवं दिसतं. पाणी कमी पडलं की खरं-खोटं बाहेर येतं! २०१८ च्या उन्हाळ्यात आयर्लंडमध्ये कडक कोरड पडली होती. तेव्हा न्यूग्रेंज या पुरातन जागेजवळ दोघांनी सहज ड्रोन उडवला, तर खालच्या शेतात एक प्रचंड वर्तुळ हिरव्या ठिपक्यांनी उमटलेलं! हजारो वर्षांपूर्वीची रचना, कुणालाच ठाऊक नसलेली. पिकानं ती चुगली केली.

तिसरी खूण मातीची. शेत मोकळं असताना मातीचा रंगच सांगतो, की इथे काहीतरी वेगळं घडलं आहे. ही खूण आपल्याकडे सगळ्यात कामाची. का, ते पाहायला आता राजूरवर घिरट्या घालू.

घारीच्या नजरेतून राजूर

एप्रिल महिना. सकाळची वेळ. वणीवरून निर्गुडा नदीच्या बाजूनं आपण राजूरकडे आलो. खाली एकीकडे कोळशाचा काळा पट्टा, एकीकडे भट्ट्यांजवळचा पांढुरका भाग, आणि सभोवार मोकळी पडलेली काळी रानं. आता शोधा पाहू ते आठशे वर्षांचे वरंबे!

नाही सापडत ना? सापडणारही नाहीत. त्याला तीन कारणं आहेत.

एक, आपला देशी लाकडी नांगर. त्याला माती उलथणारी फळी नव्हतीच. त्याचा फाळ जमीन चिरत जातो आणि माती दोन्ही बाजूंना सारखी सरकते. त्यामुळे वरंबा चढत नाही. माती उलथणारा लोखंडी नांगर आपल्याकडे रुजला तो विसाव्या शतकात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडानं जमीन विषारी होईल या भीतीनं शेतकरी तो घेतच नव्हते, असं सांगतात.

दोन, आपलं वखर. उन्हाळ्यात वखरपाळ्या दिल्या की ढेकळं फुटली, शेत सपाट झालं. शाळेची पाटी पुसावी तसं.

आणि तिसरं कारण सगळ्यात भारी. आपली काळी माती स्वतःच स्वतःला नांगरते! काळ्या मातीत एक विशिष्ट प्रकारची चिकणमाती असते. ती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आक्रसते. म्हणून तर मे महिन्यात शेताला हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. वरची भुसभुशीत माती, पालापाचोळा, कधीकधी तुमचा कंचासुद्धा त्या भेगेत पडतो. मग पाऊस येतो, खालची माती फुगते, भेगा मिटतात आणि आतली माती हळूहळू ढकलली जाते. वरची खाली, खालची वर. शास्त्रज्ञ अशा जमिनीला 'व्हर्टिसॉल' म्हणतात. या नावातच लॅटिन भाषेतला 'उलटणं' हा अर्थ दडलेला आहे.

तेव्हा राजूरच्या शेतात जुन्या तासाची रेघ राहील कशी? इथे नांगर कधी थांबलाच नाही. माणसाचा थांबला तर मातीचा चालू!

काळी आणि पांढरी

पण आपलं वाक्य आठवा. रेघ तिथे उरते, जिथे नांगर थांबला. मग आपल्याकडे नांगर कुठे कुठे थांबतो?

धुऱ्यावर. दोन शेतांच्या मधल्या त्या बांधावर बोरी-बाभळी उगवतात, गवत माजतं, त्यावरून भांडणं होतात, पण नांगर त्यावर सहसा जात नाही. वरून पाहिलं तर धुऱ्यांचं जाळं दिसतं. काही शेतं लांबट पट्ट्यांसारखी असतात, कारण भावाभावांत वाटण्या झाल्या तेव्हा प्रत्येकाला थोडी चांगली आणि थोडी हलकी जमीन मिळावी म्हणून ती उभी चिरत गेली. म्हणजे ती रेघ एका कुटुंबाच्या वाटणीची.

पांदणीत. गावातून शेताकडे जाणारी बैलगाडीची वाट म्हणजे पांदण. चाकांनी आणि पावसाच्या पाण्यानं ती खोल होत जाते, दोन्ही काठांवर झाडोरा वाढतो. वरून ती हिरव्या दोऱ्यासारखी दिसते. एखादी पांदण चांगली जाते, जाते आणि शेताच्या मधोमध संपते. इथे तर काहीच नाही! मग ती वाट कुणासाठी होती?

इथे आपली राखून ठेवलेली जोडी खिशातून काढा. काळी आणि पांढरी! मराठी गावात शेतीच्या जमिनीला म्हणतात 'काळी' आणि वस्तीच्या जागेला म्हणतात 'पांढरी'. हे नुसतं बोलायचं नाही, खरंच तसा रंग असतो. शेकडो वर्षं माणसं एका जागी राहिली की तिथे चुलीची राख साठते, मातीची घरं पडतात, त्यांवर नवी घरं उभी राहतात, शेण, हाडं, खापरं मिसळतात. माती राखाडी-पांढुरकी होते आणि जागा टेकाडासारखी वर येते.

आता गाव उठलं, असं समजा. साथ आली, विहिरी आटल्या, किंवा लोक दुसरीकडे गेले. विदर्भात अशा ओसाड गावाला 'रीठ' म्हणतात. सरकारी कागदात आजही गावाच्या नावापुढे 'रीठ' लिहिलेलं सापडतं. माणूस एक नाही, पण नकाशात गाव आहे! तिथे बहुधा एखादं चिंचेचं झाड असतं, पडकी विहीर असते, शेंदूर फासलेला मारुती असतो. आणि उन्हाळ्यात वरून पाहिलं, तर काळ्याभोर शेतात एक पांढुरका डाग. काळ्या सदऱ्यावर पीठ सांडल्यासारखा. ती मधेच संपणारी पांदण अशाच एखाद्या डागापर्यंत जात असेल, तर समजा, वाट अजून आहे आणि गाव गेलं.

अशा टेकाडांत काय सापडतं? यवतमाळ जिल्ह्यातच बाभुळगाव तालुक्यात पाचखेड नावाचं गाव आहे. तिथल्या टेकाडावर नागपूर विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०२३-२४ मध्ये उत्खनन केलं. एकावर एक साठलेले वस्तीचे थर निघाले, आणि सगळ्यात जुनी वस्ती निघाली लोहयुगातली, जवळपास ३००० वर्षांपूर्वीची! विदर्भातल्या त्या काळच्या माणसांच्या आणखीही खुणा आहेत. नागपूरजवळ जुनापाणीला त्यांनी मोठमोठ्या दगडांची वर्तुळं मांडून ठेवली आहेत. एकोणिसाव्या शतकात तिथे पहिल्यांदा खोदकाम करणारे साहेब होते रिव्हेट-कार्नाक. त्यांचं खरं काम काय होतं माहीत आहे? ते कापसाचे आयुक्त होते. आले कापूस पाहायला आणि सापडली दगडी वर्तुळं!

पावणेपाच हजार वर्षांची फुली

"पण नांगराची खरी जुनी रेघ आपल्या देशात कुठेच नाही का?" आहे ना. आणि ती पाहून वणीचा शेतकरी म्हणेल, "यात काय नवल? आम्ही बी असंच करतो!"

राजस्थानात कालीबंगा नावाची जागा आहे. १९६० च्या दशकात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानं तिथे उत्खनन केलं. जुन्या वस्तीच्या तटाबाहेर, मातीच्या थरांखाली त्यांना चक्क एक नांगरलेलं शेत सापडलं. इसवीसनापूर्वी साधारण २८०० च्या सुमाराचं. तासं दोन दिशांना होती. पूर्व-पश्चिम तासांत अंतर होतं ३० सेंटिमीटर, आणि त्यांना छेदणाऱ्या दक्षिणोत्तर तासांत १९० सेंटिमीटर. म्हणजे एकीकडे दाट, एकीकडे विरळ. त्या भागातले शेतकरी उत्खननाच्या वेळीही अशा जाळीत दोन पिकं घेत होते, हे उत्खनन करणाऱ्यांनी पाहिलं. दाट ओळींत कुळथासारखं बुटकं पीक आणि विरळ ओळींत मोहरी.

आता विदर्भातलं शेत आठवा. पऱ्हाटीच्या काही ओळी आणि मग तुरीची एक ओळ, पुन्हा पऱ्हाटी, पुन्हा तूर. वरून पाहिलं तर पट्ट्यापट्ट्याची चादर! आणि कपाशी लावताना कितीतरी शेतकरी आधी उभ्या रेघा मारतात, मग आडव्या, आणि जिथे फुली पडते तिथे सरकी टोबतात. फुलीवर लावलं की डवरा उभाही चालतो आणि आडवाही. कालीबंगाच्या त्या माणसाला राजूरच्या बांधावर आणून उभं केलं, तर भाषा कळणार नाही, पण शेत कळेल.

ते शेत वाचलं कसं, ते तुम्ही सांगा बरं. शाबास! नांगर थांबला म्हणून.

जुनी युक्ती, नवं यंत्र

आणखी एक नवलाची गोष्ट. काळ्या मातीत जोराचा पाऊस झाला की पाणी तुंबतं, सोयाबीन पिवळं पडतं. आणि मग पावसानं पंधरा दिवस दडी मारली की तेच शेत तहानेनं सुकतं. यावर हैदराबादजवळच्या पाटणचेरूला, १९७२ मध्ये स्थापन झालेल्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेनं एक पद्धत तयार केली. एक मीटर रुंद गादीवाफा, मग अर्धा मीटर सरी, पुन्हा गादीवाफा. पीक वर, पाणी सरीत. जास्तीचं पाणी निघून जातं आणि थोडं सरीतच मुरतं. महाराष्ट्रात कृषी विभाग हीच पद्धत 'रुंद वरंबा सरी' म्हणून शिकवतो, आणि त्याच्या यंत्राला शेतकरी 'बीबीएफ' म्हणतात.

ओळखीचं वाटतं ना? चिकण माती, तुंबणारं पाणी, वरंबा आणि सरी! इंग्लंडच्या आठ बैलांनी जे केलं, तेच आता यवतमाळच्या शेतात ट्रॅक्टर करतो. जड मातीनं दोन्हीकडे सारखाच प्रश्न विचारला, मग उत्तरही सारखंच आलं.

आता तुमची पाळी

विमान नको, ड्रोनही नको. तीन कामं करा.

एक: इस्रोचं 'भुवन' संकेतस्थळ किंवा फोनमधला उपग्रह-नकाशा उघडा आणि आपलं गाव शोधा. मधेच संपणारी पांदण दिसते का? काळ्या शेतात पांढुरका डाग? शेजारच्या शेतांपेक्षा वेगळ्याच दिशेला गेलेला धुरा? वहीत चित्र काढा.

दोन: एका पसरट ट्रेमध्ये माती भरा. अर्ध्या भागात, बोटभर खाली, एक फरशीचा तुकडा पुरा. सगळीकडे सारखी मेथी पेरा. दहा दिवस पाणी घाला आणि मग बंद करा. रोज सकाळी पाहा, आधी कुठली मेथी माना टाकते. फरशी कुठे आहे ते मित्राला न सांगता ओळखायला लावा. झाला तो हवाई पुरातत्त्वज्ञ!

तीन: मोठ्या माणसांबरोबर शेतात जा आणि विचारा, "पावसानं दडी मारली की आपल्या शेतात सगळ्यात आधी कुठलं पीक पिवळं पडतं?" शेतकऱ्याला ती जागा पक्की माहीत असते. कदाचित खाली नुसता मुरूम असेल. कदाचित आणखी काही. मात्र उकरायचं नाही हं! खापर सापडलं तर पाहायचं, फोटो काढायचा आणि जागच्या जागी ठेवायचं. पडक्या विहिरीच्या आणि खाणीच्या बाजूला तर एकटं फिरकायचंच नाही.

आणि परत येताना पाय दुखले, आजोबा म्हणाले, "बस, आता फर्लांगभर राह्यलं," तर त्यांना थांबवा आणि विचारा, "आजोबा, कुणाच्या बैलांचा फर्लांग?"

ते म्हणतील, "बैल? कोणते बैल बे?"

मग सांगा त्यांना सगळं. फर्लांगभर वाट सहज सरेल.